माप कोणाच्या हाती?

‘मापात पाप’ हा आपल्याकडचा जुना शब्दप्रयोग आहे. वाण्याच्या दुकानात गिऱ्हाइकाची नजर तराजूच्या काट्यावर असे, आणि दुधाच्या मापात दूध किती व फेस किती हे घरातली बाई दारात उभी राहून पाहून घेई. विकणाऱ्याचे माप विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भरले गेले पाहिजे, एवढा साधा व्यवहार त्यामागे होता. या व्यवहाराला आपल्या रोजच्या जीवनातील एकच मोठी वस्तू अपवाद राहिली, ती म्हणजे वीज. तिचे माप जिन्याखालच्या अंधारात एका पेटीत भरले जाते, महिन्यातून एकदा कोणीतरी ते वाचून जातो आणि आपल्या हाती येते ते फक्त बिल. त्यातला आकडा बरोबर की चूक, हे ठरवण्यासाठी मागच्या महिन्याच्या बिलापलीकडे दुसरे साधन बहुतेकांजवळ नसते.

गेली काही वर्षे महाराष्ट्रात स्मार्ट मीटरवरून जो वाद पेटला आहे, त्याच्या मुळाशी हा जुना अविश्वास आहे. २०२१ साली केंद्र सरकारने वीज वितरणाच्या सुधारणेची जी योजना मंजूर केली, तीत देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. मीटर बसवायचे, काही वर्षे चालवायचे आणि त्यांची आकडेवारी गोळा करायची, हे काम दीर्घ मुदतीच्या कंत्राटांनी खासगी कंपन्यांकडे गेले. ग्राहक संघटना आणि कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या. २०२४ च्या जून महिन्यात तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत, असे जाहीर केले. त्यानंतर ‘टीओडी’ या नावाने, म्हणजे वेळेनुसार दर आकारू शकणारे, पण बिल मागाहून देण्याचे स्मार्ट मीटर येऊ लागले आणि विरोधही नव्याने सुरू झाला.

या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. मीटर पळतो असे एक बाजू म्हणते. मीटर अचूक आहे, ग्राहकाला घाबरवले जात आहे, असे दुसरी म्हणते. पण आपण नेमकी किती वीज, कशावर आणि केव्हा वापरतो, हे ग्राहकाला स्वतःला मोजता येईल काय, हा प्रश्न दोघांपैकी कोणीही विचारत नाही. या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते फारसे खर्चिकही नाही. ते मी गेल्या वर्षभर माझ्या घरात पडताळून पाहिले आहे.

तळहाताएवढा संगणक

इंग्लंडमधील केंब्रिज येथील एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, शाळकरी मुलांना संगणकाची आतली बाजू कळावी म्हणून, पत्त्याच्या कार्डाएवढ्या आकाराचा एक संगणक तयार केला. त्याचे नाव ‘रास्पबेरी पाय’. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला, तेव्हा त्याची किंमत ३५ डॉलर होती. आज मॉडेलनुसार काही हजार रुपयांत तो आपल्याकडे मिळतो. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. मोबाइलच्या चार्जरसारख्या ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर तो चालतो आणि साधारण ३ वॅट वीज घेतो. मुलांसाठी बनलेली ही वस्तू छंदिष्ट लोकांनी हजार कामांना लावली. त्यांतले एक काम म्हणजे घरातील विजेचा हिशेब ठेवणे.

रचना सोपी आहे. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये आधी एक मोजणारा प्लग लावायचा आणि त्यात आपले उपकरण. या प्लगच्या पोटात अगदी अल्प रोधाची एक पट्टी असते. तिच्यातून प्रवाह गेला की तिच्या दोन टोकांत किंचित दाब निर्माण होतो. त्यावरून प्रवाह आणि मूळ दाबावरून व्होल्टेज मोजून एक छोटी चिप वॅटचा आकडा काढते. तो आकडा दर काही सेकंदांनी घरातल्याच वाय-फायवरून त्या छोट्या संगणकाकडे जातो आणि संगणक तो वेळेसह नोंदवून ठेवतो. महिनाअखेरीस फ्रीजचे किती, टीव्हीचे किती, पंख्याचे किती, असे खतावणीचे पान तयार!

दोन इशारे मात्र दिले पाहिजेत. गिझर, इस्त्री, एअर कंडिशनर अशा जड उपकरणांना १६ अँपिअरचाच प्लग हवा. लहान प्लग तापून जळतो. आणि ज्याला विजेच्या तारांचे शिक्षण नाही त्याने वितरणपेटी उघडण्याच्या भानगडीत पडू नये.

ज्याला हेही नको, त्याच्यासाठी आणखी सोपी युक्ती आहे. आपल्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ‘३२०० इंपल्स’ असा काहीसा आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ, एक युनिट वीज गेली की तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. दोन लुकलुकींमधील सेकंद घड्याळावर मोजावेत आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागावे. त्या क्षणी घरात किती वॅट चालू आहेत ते कळते. पाच सेकंद असतील तर २२५ वॅट. त्या दिव्यासमोर मीटरच्या बाहेरून प्रकाश ओळखणारा एक छोटा सेन्सर बसवला, तर मोजण्याचे काम संगणक करतो. मीटरच्या सीलला हात लावावा लागत नाही, आणि लावूही नये. तो गुन्हा आहे.

हिशेबाने काय सांगितले

विजेच्या बचतीबद्दल आपल्या घरोघरी जे उपदेश चालतात, त्यांतले बरेच या खतावणीपुढे टिकत नाहीत. मोबाइलचा चार्जर सॉकेटमध्ये राहिला म्हणून मुलांना बोलणी बसतात. माझ्याकडे मोबाइल नसलेल्या चार्जरचा वापर इतका नगण्य निघाला की तो प्लगच्या मोजणीच्या कक्षेतच येईना. टीव्ही रिमोटने बंद केला की तो वॅटभरसुद्धा घेत नव्हता. यामागे एक इतिहास आहे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील ॲलन मायर यांनी १९९८ साली, कोणतेही उपकरण निष्क्रिय अवस्थेत एका वॅटहून अधिक वीज घेणार नाही असा दंडक असावा, अशी सूचना केली. युरोपीय संघाने २००८ च्या नियमांनी ती अमलात आणली आणि २०१३ पासून बहुतेक घरगुती उपकरणांसाठी मर्यादा अर्ध्या वॅटवर आणली. जगभर एकाच साच्यातून निघणाऱ्या उपकरणांमुळे त्या नियमाचा थोडा लाभ आपल्यालाही मिळाला.

पण टीव्हीच्या शेजारची पेटी मात्र निराळी निघाली. माझ्याकडचा सेट-टॉप बॉक्स ‘बंद’ असतानाही ११ वॅट घेत होता. इंटरनेटचा राउटर ७ वॅट, संगणकाचे स्पीकर आणि प्रिंटर मिळून ६ वॅट. एकूण २४ वॅट. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु एक वॅट वर्षभर अखंड चालू राहिला, तर ८.७६ युनिट होतात. म्हणजे २४ वॅटचे वर्षाला २१० युनिट, माझ्या घरच्या वर्षाच्या वापराचा जवळजवळ अकरावा हिस्सा. आपल्या राज्यात जसजसे युनिट वाढतात तसतसा दराचा टप्पा चढतो; त्यामुळे वाचवलेले युनिट हे नेहमी सर्वांत महाग टप्प्यातले असते, हेही ध्यानात घ्यावे. हिशेब ठेवणाऱ्या त्या छोट्या संगणकाचे २६ युनिट मी यात धरलेले नाहीत. पण खर्चाच्या बाजूला त्याचेही नाव मांडले पाहिजे. कारकुनाचा पगार हा संस्थेच्या खर्चातच पडतो.

खरा खर्च या किरकोळ गळतीतही नाही. चौदा वर्षे जुना फ्रीज दिवसाला १.८ युनिट खात होता. जुना छताचा पंखा ७५ वॅट घेतो आणि नव्या प्रकारचा ३० च्या आत काम भागवतो; रोज बारा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे १६० युनिटांचा फरक पडतो. आणि गरम पाण्याचे गणित तर शाळेच्या पुस्तकातले आहे: १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला अर्ध्याहून किंचित जास्त युनिट लागते. ते कोणत्याही कंपनीच्या गिझरला चुकत नाही. पाणी कमी वापरणे किंवा सूर्याकडून तापवून घेणे, एवढेच त्यावर उपाय.

हे एका घराचे आकडे आहेत आणि त्यांवरून राज्याचे धोरण ठरू नये. पण अनेक घरांत अशी मोजणी शिस्तीने झाली तर धोरणालाही पाया मिळतो. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाने महाराष्ट्रातील आणि उत्तर प्रदेशातील घरांमध्ये मोजणीची उपकरणे बसवून असा अभ्यास केला आहे. दिल्लीच्या इंद्रप्रस्थ माहिती तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१३ साली दिल्लीतील एका घराची ७३ दिवसांची बारीक नोंद जगापुढे ठेवली. त्या नोंदीतून कमीजास्त होणारा दाब आणि खंडित होणारा पुरवठा हे भारतीय घराचे खास वास्तवही पुढे आले. अमेरिकन घरांच्या आकड्यांवर आपली गणिते बेतता येत नाहीत, एवढा धडा त्यातून मिळतो.

केव्हा वापरता, हा नवा प्रश्न

आजवर बिलाचा प्रश्न ‘किती’ एवढाच होता. आता त्यात ‘केव्हा’ची भर पडली आहे. दुपारी सौरऊर्जा मुबलक असते आणि संध्याकाळी ती मावळते, नेमकी तेव्हा घराघरांतली मागणी चढते. म्हणून केंद्राने २०२३ च्या जूनमध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून, सूर्याच्या वेळेतला दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असे तत्त्व घातले. महाराष्ट्रातही २०२५ च्या जुलैपासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरासाठी युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर झाली.

तत्त्व चुकीचे नाही. पण त्याचा लाभ कोणाला, हे खतावणीच सांगते. नवराबायको दोघेही नोकरीला जाणाऱ्या घराला दिवसा कुलूप असते. गिझर सकाळी नऊच्या आत लागतो, मिक्सर आणि ओव्हन संध्याकाळी. हलवता येण्यासारखे उरते ते कपडे धुण्याचे यंत्र. एका खेपेला अर्धे युनिट आणि महिन्याला पंधरा खेपा धरल्या, तर ८० पैशांच्या हिशेबाने महिन्याला सहा रुपये वाचतात! उलट ज्याच्याकडे दिवसभर एअर कंडिशनर चालतो, ज्याची मोटार दुपारी चार्ज होऊ शकते, त्याला कोणतीही सवय न बदलता सवलत मिळते. आणि ज्याचा महिन्याचा वापर शंभर युनिटांच्या आत आहे, दोन दिवे, दोन पंखे, एक टीव्ही, त्याच्याजवळ हलवण्यासारखे काहीच नाही. वेळेनुसार दराची चर्चा करताना हा वर्गभेद लपवून चालणार नाही. तो दाखवायचा तर आरोप पुरत नाहीत, घराघरांतले आकडे लागतात.

आलेख बोलू लागतो तेव्हा

आता नाण्याची दुसरी बाजू. मी माझ्या घराचे आलेख पाहतो तेव्हा मला फक्त वीज दिसत नाही. घर किती वाजता जागे होते, किती वाजता निजते, कोणत्या आठवड्यात रिकामे होते, घरातले वृद्ध रात्री किती वेळा उठून दिवा लावतात, पाहुणे कधी आले, हे सारे त्यात दिसते. कपडे धुण्याच्या यंत्राचा प्लग तर कामाला येणाऱ्या बाईंची हजेरीही न सांगता मांडेल. म्हणून ते यंत्र मी या नोंदीतून पहिल्यापासून वगळले आणि त्याच्या खेपा कागदावर मोजल्या. घरच्या माणसांचीही संमती लागते, मग बाहेरच्यांची का नको?

ही जाणीव नवी नाही. अमेरिकेच्या एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकात एक पद्धत शोधली. प्रत्येक उपकरणाला वेगळा प्लग न लावता, केवळ घराच्या एकूण वापरातील चढउतारांवरून कोणते उपकरण केव्हा चालू झाले हे तिने ओळखता येते. आणि याच हार्ट यांनी १९८९ साली अभियंत्यांच्या एका नियतकालिकात लेख लिहून, या पद्धतीतून घरावर पाळत ठेवता येईल, असा इशाराही दिला. साधन निर्माण करणाऱ्यानेच त्याचा धोका आधी सांगावा, असे उदाहरण विरळा.

इतर देशांनी हा इशारा ऐकला. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ साली सक्तीच्या स्मार्ट मीटरचे विधेयक खासगीपणाच्या मुद्द्यावर अडवले. पुढे ग्राहकाला नकाराचा अधिकार देऊनच कायदा पुढे गेला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील नेपरव्हिल शहराच्या खटल्यात अपील न्यायालयाने २०१८ साली, सरकारी वीज यंत्रणेने दर पंधरा मिनिटांचा वापर नोंदवणे ही घटनेच्या दृष्टीने घराची ‘झडती’च आहे, असे म्हटले, मात्र तिचा हेतू पाहता ती वाजवी ठरवली. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियमही प्रसिद्ध झाले. पण जिन्याखालच्या मीटरमधून निघणारी माहिती ही घराच्या आतली माहिती आहे, हे स्मार्ट मीटरच्या चर्चेत ठळकपणे मांडलेले क्वचितच आढळते.

येथे छंदिष्टांच्या छोट्या संगणकाचे खरे महत्त्व समोर येते. बाजारात मिळणारे बरेच मोजणारे प्लग कंपनीच्या मोबाइल ॲपवरच चालतात आणि आपल्या घराचे आकडे कोठल्या तरी दूरच्या यंत्रावर नेऊन ठेवतात. तो मार्ग पत्करला, तर एका पेटीवरचा अविश्वास टाळण्यासाठी आपण दुसऱ्या पेटीत जाऊन पडतो. घरातल्याच संगणकावर नोंद राहिली, तर ती इंटरनेट तोडले तरी चालते, आणि तिची किल्ली आपल्या खिशात राहते.

मागायचे काय?

अर्थात प्रत्येक घराने हे करावे, असे मी सुचवत नाही. पुण्यामुंबईतल्या ज्या खोल्यांत विद्यार्थी आणि मजूर भाड्याने राहतात, तेथे पुष्कळदा स्वतंत्र मीटरच नसतो. घरमालक सांगेल तो आकडा आणि तो म्हणेल तो दर. त्यांना संगणकाचे कौतुक सांगणे ही थट्टा होईल. मापाची सर्वांत जास्त गरज ज्याला, त्याच्या हाती ते सर्वांत शेवटी पोहोचते. म्हणून वैयक्तिक छंदाने सुरू झालेली ही गोष्ट सार्वजनिक मागणीपर्यंत नेली पाहिजे.

पहिली मागणी, घराचा आकडा आधी घराला मिळावा. नेदरलँड्समधील स्मार्ट मीटरला ग्राहकासाठी एक खास जोडणी दिलेली असते. तीत आपले स्वतःचे उपकरण लावून दर काही सेकंदांचा वापर कोणालाही न विचारता वाचता येतो, आणि तेथील असंख्य हौशी लोकांनी त्याला हाच छोटा संगणक जोडला आहे. ब्रिटनमध्ये स्मार्ट मीटरबरोबर घरात ठेवायचा आकड्यांचा पडदा विनामूल्य दिला जातो. आपल्या २०२३ च्या नियमांतही रोजच्या वापराची माहिती ग्राहकाला द्यावी असे म्हटलेले आहे. पण कंपनीच्या ॲपमधून कालचा आकडा मिळणे आणि स्वतःच्या मीटरमधून या क्षणाचा आकडा मिळणे, यांत दान आणि हक्क यांच्याइतके अंतर आहे.

दुसरी मागणी, आधीच मिळालेला हक्क वापरात यावा. २०२४ च्या फेब्रुवारीतील दुरुस्तीनुसार, मीटरच्या नोंदीबद्दल तक्रार आल्यास वितरण कंपनीने पाच दिवसांत शेजारी दुसरा पडताळणी मीटर बसवून किमान तीन महिने वापर तपासला पाहिजे. ही तरतूद किती ग्राहकांना ठाऊक आहे? ती बिलाच्या मागच्या बाजूस ठळक मराठीत छापायला कोणाची हरकत असावी?

आणि तिसरी, पंधरा मिनिटांची नोंद कोण, किती काळ ठेवणार आणि कोणाला देणार, हे कंत्राटदार कंपन्यांच्या करारांत नव्हे तर जनतेसमोर ठरावे.

महाराष्ट्राला विजेच्या हिशेबाची परंपरा आहे. १९९० च्या दशकात दाभोळच्या करारावरून रणे माजली, तेव्हा पुण्यातील मूठभर अभ्यासकांनी करारातील आकडे मांडून दाखवले आणि वीज हा केवळ अभियंत्यांचा आणि मंत्र्यांचा विषय नाही, हे लोकांना कळले. आज वीज मंडळाच्या जागी महावितरण आहे, नियामक आयोग आहे, सुनावण्या आहेत. त्या सुनावण्यांत ‘बिल जास्त येते’ असे म्हणणारा ग्राहक एक आकडा घेऊन येतो, आणि तो आकडाही कंपनीनेच दिलेला असतो. तोच ग्राहक उद्या तीन महिन्यांची स्वतःची खतावणी घेऊन उभा राहिला, तर त्याला ‘तुमचा गैरसमज झाला आहे’ असे सांगून वाटेला लावणे इतके सोपे जाणार नाही.